कडी कुठली, कोयंडा कुठला

जुन्या वाड्याच्या दाराला कडी-कोयंडा असायचा. कडी दाराच्या फळीला, कोयंडा चौकटीला. लोहारानं दोन्ही एकाच बैठकीत, एकमेकांच्या मापानं घडवलेले. पुढं कधी कडी तुटली आणि बाजारातनं नवी आणली, की ती जुन्या कोयंड्यात जायची खरी. पण वारा सुटला की रात्रभर खडखड करायची, आणि एखाद्या दिवशी मांजरानं ढकललं तरी दार उघडायचं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "कडी बदललीस तर कोयंडा पण बदल गं. ती दोघं जोडीनंच नांदतात."

आज मी लिहिणार आहे ते मात्र घराच्या दाराबद्दल नाही, मोटारीच्या दाराबद्दल. जुन्या फियाटच्या दाराचं लॉक दुसऱ्या सालच्या फियाटला बसतं का, हा माझा विषय. भिशीत सांगितलं तेव्हा मैत्रिणी हसल्याच. "अगं, हा गॅरेजवाल्यांचा विषय, तू कशाला डोकं घालतीस?" म्हणाल्या. मी त्यांना एवढंच विचारलं, की आपल्या लहानपणी मोटारीत दाराजवळ कोण बसायचं? पुढं चालवायला घरातला पुरुष, शेजारी मोठा दीर किंवा सासरे. मागं आपण चौघी-पाचजणी, मांडीवर पोरं, पायाशी डबे. दाराला टेकून बसलेली ती बाईच असायची, आणि "दार नीट लागलंय का बघा" हे वाक्य तिलाच उद्देशून असायचं. मग त्या दाराच्या कडीचा इतिहास आपण का वाचायचा नाही?

हा विषय डोक्यात यायला निमित्तही घरचंच झालं. निपाणीत तंबाखूचं गोदाम रिकामं करताना माझ्या भाच्याला एक जुनी फियाट मिळाली. पोती, काथ्या आणि धुळीखाली तीस वर्षं उभी होती. इंजिनाचं काम झालं, ब्रेकचं झालं, गादीचं कापडही शिवून झालं. अडलं ते पुढच्या दारांपाशी. लॉक गंजून गेलेलं. कुणीतरी त्याला नंतरच्या पद्मिनीची दोन लॉकं आणून दिली आणि सांगितलं, "फियाट ती फियाट, बसवून टाक." घरात दोन तट पडले. एक म्हणे बसवा, दुसरा म्हणे थांबा. थांबा म्हणणाऱ्यांत मी होते. का, ते सांगण्यासाठी जरा मागं जावं लागेल.

आपल्या देशात मोटार बनावी हे स्वप्न ज्यांनी बघितलं, त्यात एक नाव आपल्या समाजाला चांगलं ठाऊक आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ ला जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद. घरचा व्यापार सोडून ते आधी रेल्वेच्या बांधकामाच्या कंत्राटांत शिरले, मग जहाजं, साखर, विमानाचा कारखाना. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि त्यांच्या पत्नीच्या नावाचं कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय आपल्या कितीतरी मुलामुलींनी बघितलंय, शिकलीही आहेत तिथं. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला होता, पण युद्धाच्या त्या काळात ब्रिटिश सरकारनं या कामाला हात दिला नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना झाला आणि १९४७ साली तिथनं पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकन धाटणीच्या मोठ्या गाड्या होत्या.

पण आपल्याला जी आठवते ती फियाट. इटलीत फियाट ११०० चं नवं मॉडेल १९५३ च्या मार्चमध्ये लोकांसमोर आलं आणि वालचंद शेठ ८ एप्रिल १९५३ ला गेले. म्हणजे ज्या गाडीमुळं त्यांची कंपनी घराघरात पोचली, ती कुर्ल्याला तयार होताना त्यांनी बघितलीच नाही. १९५४ पासून ही गाडी कुर्ल्याला बनू लागली. इंजिन १०८९ सीसीचं, म्हणून नाव ११००. त्याच सुमाराला सरकारनं ठरवलं, की नुसते परदेशी भाग जोडून गाडी उभी करणाऱ्यांना इथं जागा नाही, भाग इथंच बनवायचे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तेव्हा इथला गाशा गुंडाळला. पुढची पंचवीस-तीस वर्षं सामान्य माणसाला निवड राहिली ती दोन-तीन गाड्यांचीच: फियाट, अँबॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची.

ही पहिली फियाट पुढनं फुगीर नाकाची, अंगानं गोलमटोल. तिला आपल्या मराठी माणसानं नाव ठेवलं, "डुक्कर फियाट". आपल्या जैन घरात हे नाव घ्यायला जरा जीभ अडखळायची, आमच्या आजी "ती गोल गाडी" म्हणायच्या. तिची खरी खूण नाकात नव्हती, दारात होती. पुढची दारं उलटी उघडायची. दोन्ही बाजूला पुढच्या आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या मधल्या एकाच खांबाला. पुढचं दार मागं उघडायचं आणि मागचं पुढं, म्हणून एकाचं लॉक पुढच्या खांबाकडं, दुसऱ्याचं मागच्या खांबाकडं. नऊवारी सावरत बसायला हे उलटं दार फार सोयीचं, असं आमच्या आजी सांगायच्या. आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. अडथळाच नाही.

सोय होती, पण धोकाही तिथंच होता. सरळ दार चालत्या गाडीत चुकून उघडलं, तर समोरनं येणारा वारा त्याला परत दाबतो. उलटं दार जरा जरी सुटलं, तर तोच वारा ते सताड उघडतो. इंग्रजीत अशा दाराला आत्महत्येचं दार म्हणतात, ते उगीच नाही. म्हणून फियाटनं पुढं दारं सरळ केली. आपल्याकडं साठीच्या दशकाच्या मध्याला जी डिलाइट आली, तिची पुढची दारं पुढच्या खांबाला बिजागरी असलेली, आजच्या गाड्यांसारखी. हीच गाडी काही वर्षांनी प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव मिळालेली ही गाडी जवळजवळ त्याच रूपात एकविसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत बनत राहिली.

आता सुट्या भागांचा हिशेब बघा. डिलाइटपासून पद्मिनीपर्यंत गाडीचा साचा फारसा बदलला नाही. म्हणून एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीला घालून बघायचा, हे आपल्याकडं सर्रास झालं, आणि त्याच्याच जोरावर या गाड्या इतकी वर्षं टिकल्या. एका गाडीचं बॉनेट, दुसरीचं काचेचं वायंडर, तिसरीचं बंपर. कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडनं लॉक आणायचं, बेळगावच्या मिस्त्रीनं बसवायचं, गाडी मालक निपाणीचा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड तेवढं कोल्हापूरकडं राहिलं. गाड्यांच्या पाट्या बदलल्या. आज निपाणीची गाडी चिकोडीच्या नोंदणीची केए २३, आणि तासाभरावरच्या कोल्हापूरची एमएच ०९. पण सुट्या भागांनी ही सीमा कधी मानली नाही. "साठ-पासष्टच्या गाडीचं चालतंय, पण ब्याऐंशीच्या पुढचं बघून घ्या," असं मराठी-कानडी मिसळून सांगणारे मिस्त्री दोन्हीकडं होते. कुठल्या सालचं काय कशाला बसतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात.

अमेरिकेत हेच ज्ञान पुस्तकात होतं. भंगारातल्या गाडीचा कुठला भाग दुसऱ्या कुठल्या सालच्या, कुठल्या मॉडेलला चालतो, याच्या याद्या छापणारं हॉलंडर नावाचं पुस्तक तिथं १९३४ पासून निघू लागलं. त्याच्याही आधी, १९०८ साली, इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या मैदानावर एक गंमतच झाली होती. तीन कॅडिलॅक गाड्या सुट्ट्या केल्या, तिन्हींचे भाग एकत्र मिसळले, त्यातनं पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या आणि पाचशे मैल चालवून दाखवल्या. कानस न लावता एका गाडीचा भाग दुसरीला बसतो, हे तेव्हा नवल होतं. त्याबद्दल कॅडिलॅकला मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. आज आपण मिक्सरचं भांडं बदलतो तेव्हा त्यात नवल वाटत नाही, पण त्याची सुरुवात अशा परीक्षांतनं झाली.

पण त्या परीक्षेत एक गोष्ट होती, ती विसरायची नाही. तिन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या होत्या, एकाच मापानं केलेल्या. आपल्याकडं मिसळलं जातं ते वेगवेगळ्या सालांचं, वेगवेगळं झिजलेलं. बॉनेटला ते चालतं. बॉनेटला फट राहिली तर फार तर पाणी जाईल, दिसायला वाईट दिसेल. दाराच्या लॉकला चालत नाही. कारण लॉक ही एक वस्तू नाही, दोन आहेत. एक दारात, जिला मिस्त्री नुसतं लॉक म्हणतात, त्यात स्प्रिंग आणि जीभ. दुसरी खांबावर, जिला स्ट्रायकर म्हणतात, ती जीभ जिच्यात अडकते ती. कडी आणि कोयंडा. भंगारातनं आणताना आपण कडी आणतो. कोयंडा दुसऱ्याच गाडीवर राहून जातो.

ही जोडी काय काम करते, हे जगाला कळायलाही वेळ लागला. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात दाराचं लॉक घराच्या दारासारखंच होतं. एक तिरकी जीभ, दार आपटलं की आत जाऊन अडकते. दार बाहेरच्या बाजूला उघडू नये एवढंच तिचं काम. अपघातात मात्र गाडी नुसती आडवी दबत नाही, लांबीतही ताणते, पिळते. खांब एकीकडं, दार दुसरीकडं सरकतं आणि जीभ खाचेतनं लांबीच्या दिशेनं निसटून बाहेर येते. दार उघडतं, माणूस बाहेर फेकला जातो. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमान शिकताना अपघातातनं वाचलेला ह्यू डीहेवन नावाचा एक माणूस, "मी कसा वाचलो?" या प्रश्नाच्या मागं लागला. पुढं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्याच्या पुढाकारानं अपघातांच्या नोंदी गोळा होऊ लागल्या, १९५० च्या दशकात मोटारींच्याही. त्यातनं स्पष्ट दिसलं, की गाडीतनं बाहेर फेकला गेलेला माणूस दगावण्याची शक्यता आत राहिलेल्यापेक्षा अनेक पटींनी जास्त. आणि फेकला जातो तो बहुतेक वेळा उघडलेल्या दारातनं.

त्यानंतर लॉक बदललं. १९५६ च्या मॉडेलांवर अमेरिकन कंपन्यांनी लांबीतही धरून ठेवणारी लॉकं बसवली, फोर्डनं तर त्याची मोठी जाहिरात केली. जर्मनीत मर्सिडीजच्या बेला बारेन्यी या अभियंत्यानं पाचरीच्या खुंटीचं लॉक केलं, ते १९५९ च्या गाडीत आलं. आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत कायदाच झाला. त्यात दोन आकडे आहेत, ते आपल्याला उपयोगाचे आहेत. पूर्ण लागलेल्या लॉकनं लांबीच्या दिशेनं ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ११०० किलोचा ताण सोसला पाहिजे. आपली पद्मिनी रिकामी साधारण नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे अख्खी गाडी टांगली तरी सुटू नये, एवढं ते लॉक मजबूत हवं. आणि अर्धं लागलेल्या लॉकनं? ४,४५० न्यूटन, सुमारे साडेचारशे किलो. निम्म्याहूनही कमी.

हे अर्धं आणि पूर्ण म्हणजे काय? दार लावताना नीट ऐका. एक "टक्" होतो, मग दुसरा "टक्". पहिल्या टप्प्यावर दार अडकतं, बाहेरनं लागल्यासारखं दिसतं. दुसऱ्या टप्प्यावर ते धरलं जातं. पहिला टप्पा हा कायद्यानं ठेवलेला आधार आहे, चुकून दार अर्धं राहिलं तर लगेच उघडू नये म्हणून. त्याच्यावर विसंबून प्रवास करायचा नसतो. आणि कडी एकाची, कोयंडा दुसऱ्याचा असला, की नेमकं हेच होतं. पहिला टप्पा मिळतो, दुसरा मिळत नाही.

मला हे पुस्तकातनं कळण्याआधी रस्त्यावर कळलं होतं. १९८१ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून महामस्तकाभिषेक होता. आपल्या भागातनं कोण गेलं नाही त्या वर्षी? एसटी भरून, ट्रक भरून, मोटारी भरून माणसं गेली. आम्ही बेळगावहून आमच्या फियाटनं निघालो. वडील चालवायला, शेजारी काका, मागं आजी, आई, काकू, मी, आणि काकूचा चार वर्षांचा मुलगा. मी अकरा वर्षांची. निघायच्या आदल्या आठवड्यात मागच्या डाव्या दाराचं लॉक बदललेलं, गावातल्याच एका गॅरेजात. गाडी साठीतली, लॉक नंतरच्या साली निघालेल्या गाडीचं. भोकं जुळली, स्क्रू बसले, दार लागलं, पैसे दिले.

हुबळीच्या पुढं एका उजव्या वळणावर ते दार उघडलं. आवाज झाला नाही, की धक्का बसला नाही. मला एकदम रस्ता दिसला, खालनं पळणारा. मुलगा काकूच्या मांडीवरनं सरकला, आणि आजीनं त्याचा सदरा मागनं मुठीत धरला. तेवढंच. वडिलांनी गाडी थांबवली तेव्हा आजीची मूठ सोडवायला आईला एकेक बोट उघडावं लागलं. पुढचा सगळा प्रवास वडिलांनी मागच्या दोन्ही दारांची आतली हँडलं दोरीनं एकमेकांना बांधून केला. हासनला एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दार बघितलं. त्यानं लॉक काढलंही नाही. दार उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरनं जीभ हळूच दाबून दाखवली. टक्, टक्. दोन टप्पे. मग दार लावून दाखवलं. टक्. एकच. तो कानडीत म्हणाला, हे लॉक चांगलं आहे आणि हा स्ट्रायकर पण चांगला आहे, पण हे एकमेकांचे नव्हेत. त्यानं खांबावरचा स्ट्रायकर काढून आत पातळ पत्र्याची पट्टी घातली, दुसरा टक् मिळवला आणि बजावलं, की गावी गेल्यावर दोन्ही बदला, हे तात्पुरतं आहे.

म्हणून भाच्याच्या गाडीच्या वेळी मी थांबा म्हणाले. त्याच्या गाडीत तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. त्याची गाडी उलट्या दारांची. तिच्या पुढच्या दाराचं लॉक दाराच्या पुढच्या कडेला असतं, पद्मिनीच्या पुढच्या दाराचं मागच्या कडेला. डाव्या दाराचं लॉक दाराच्या पुढच्या कडेला न्यायचं म्हटलं, तर ते उलटं पडतं. हिशेब केला तर डाव्या उलट्या दाराशी नातं लागतं ते उजव्या सरळ दाराच्या लॉकचं. ब्लाऊजचं बेतताना डाव्या-उजव्या बाहीचा घोळ जिनं एकदा केलाय, तिला हे लगेच कळेल. पण नातं लागलं म्हणजे माप लागलं असं नव्हे. हँडलपासून लॉकपर्यंत जाणारी सळई, स्क्रूची भोकं, जिभेची उंची, सगळं वेगळं. तिथं कानस, वेल्डिंग आणि जुगाड सुरू होतं. आणि ज्या दाराला वारा उघडायलाच टपलेला, त्याच दाराला जुगाड.

स्वयंपाकघरात आपण हे रोज जाणतो. कुकरची रिंग पाच लिटरची तीन लिटरला घालत नाही. एका कंपनीचं झाकण दुसऱ्या कंपनीच्या भांड्यावर फिरतं सुद्धा, पण त्यावर आपण गॅस पेटवत नाही. "बसलं" आणि "धरलं" यात फरक आहे, हे बाईला शिकवावं लागत नाही. तोच फरक गॅरेजात जाऊन विचारायला मात्र आपण बिचकतो.

म्हणून घरात जुनी गाडी असेल, नातवाच्या हौसेची असेल, लग्नात वरातीला आणलेली असेल, तर बसण्याआधी एवढं बघा. दार उघडं असताना लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरनं दाबा, किती टक् येतात ते मोजा, मग हँडल ओढून जीभ मोकळी करा. ती दाबलेली असताना दार आपटू नका. मग दार हळू लावून तितकेच टक् ऐकू येतात का बघा. लागलेलं दार शेजारच्या पत्र्याशी सपाट आहे का बघा. एक कड बाहेर राहिली असेल तर ते पहिल्या टप्प्यावरच आहे. नवं जाड रबर बसवलं असेल तरी असं होतं, दार लागतं पण दाबून राहत नाही. दार उघडून वर-खाली हलवा. खाली लोंबत असेल तर दोष बिजागरीच्या पिनेचा आहे; अशा वेळी स्ट्रायकर कानसनं घासून घेणारे पुष्कळ भेटतात, पण त्यानं जिभेला धरायला उरतं तेच कमी होतं. काचेजवळचं बटण खाली दाबलं म्हणजे दार पक्कं झालं, असं समजू नका. बटण हँडलला निकामी करतं, जिभेची पकड वाढवत नाही. आणि लॉक दुसऱ्या सालचं घ्यायचंच असेल, तर त्याच गाडीच्या खांबावरचा स्ट्रायकर सोबत मागून घ्या. भंगारवाला त्याचे वेगळे पैसे मागेल. द्या.

आता या सगळ्याला आणखी एक बाजू आली आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा तिच्याकडं बघायला जशी गर्दी होते, तशी हौस आता मध्यमवर्गीय घरांतही आली आहे, आणि डुक्कर फियाटला मान आलाय. दुसरीकडं भाग मिळण्याची जागा आटत चालली आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी हा फियाटच्या सुट्या भागांचा मोठा साठा होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर उरली नाही. टॅक्सी भंगारात जाताना पत्रा किलोवर जातो. त्यात कडी एका ढिगात, कोयंडा दुसऱ्या ढिगात.

आणि त्याहून लवकर आटतंय ते मिस्त्रींच्या डोक्यातलं पुस्तक. आपल्याकडं ते कुणी छापलं नाही. कुठल्या सालचं लॉक कुठल्या खांबाला धरतं, कुठलं नुसतं बसतं, हे ज्यांना ठाऊक ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मुलं नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला.

भाच्यानं शेवटी पद्मिनीची लॉकं परत केली. गाडीची मूळची गंजलेली लॉकं सोडवून रॉकेलमध्ये भिजत टाकली. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉपची काय कमी. तिथल्या एका कारागिरानं झिजलेल्या जिभा नमुन्याबरहुकूम नव्या करून दिल्या, स्प्रिंगा नव्या घातल्या, आणि स्ट्रायकर त्याच जिभांच्या मापानं केले. दोन्ही एकाच वेळी, एकाच हातानं. भंगारातल्या लॉकाच्या पाचपट पैसे गेले. घरात कुरकुर झाली. मग तवंदी घाट उतरून स्तवनिधीला जायचं ठरलं, तेव्हा दाराजवळ कोण बसणार यावरनं पोरांत भांडण लागलं आणि कुरकुर थांबली.

मी मात्र एक वही केली आहे. निपाणीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडं महिन्यातनं एकदा जाते, ते सांगतात ते लिहून घेते. साल, गाडी, भाग, कशाला बसतो, कशाला धरतो. शेवटचे दोन रकाने मी मुद्दाम वेगळे ठेवलेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "वैनी, दोन कशाला? एकच पुरेल की." आता तेच आधी दुसऱ्या रकान्यातलं सांगतात. तुमच्या गावात असे कुणी मिस्त्री असतील, तर लोणच्याची, पापडाची कृती जशी लिहून ठेवता, तशी त्यांचीही एक वही करा.